पाचवे शील : प्रतिज्ञा आणि उपचार



आत्ताच आपण सर्वांनी त्रिसरण-पंचशील ग्रहण केले. पहिल्या चार शीलांना विहारात आवाज एकसारखा होता. पाचव्या शीलाला काही आवाज खाली गेले. हे मी दर रविवारी ऐकतो. कोणाचा आवाज खाली गेला याची चौकशी करायला मी आज उभा नाही. ज्यांचा आवाज खाली जातो त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी मी बोलणार आहे.

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांतील सतरावी प्रतिज्ञा दारू न पिण्याची आहे. तथागतांच्या पंचशीलात हे शील होतेच. तरी बाबासाहेबांनी ते पुन्हा वेगळे काढून आपल्या हातावर ठेवले. परळच्या चाळीत कामगारांच्या शेजारी राहिलेल्या त्या महापुरुषाला मजुरीचा पैसा शनिवारी कोठे जातो आणि सोमवारी चूल का पेटत नाही, हे कोणी सांगायला नको होते.

ही प्रतिज्ञा आपण घेतो. ती पाळायची कशी, याचा विचार मात्र आपण पुरेसा केलेला नाही. मीही केला नव्हता. त्याची हकिकत आधी सांगतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माणसाचे नाव आणि गाव सांगणार नाही. गवंडीकाम करणारा, चाळिशीचा गृहस्थ. अशोक विजयादशमीला त्याने कुटुंबासह दीक्षा घेतली. देव्हारा उतरवला, टाक नदीत सोडले आणि त्याच संध्याकाळी कपाटामागची बाटली माझ्यासमोर मोरीत ओतली. मी त्याची पाठ थोपटली. ‘आजपासून थेंबही नाही,’ असे त्याच्याकडून वदवून घेतले. तो रोज किती पितो, किती वर्षे पितो, सकाळी उठल्यावर हात कापतात का, यांपैकी एकही प्रश्न मी विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला दरदरून घाम सुटला, हातापायांना कंप सुटला, झोप उडाली. तिसऱ्या रात्री तो भिंतीकडे बोट दाखवून ओरडू लागला, ‘मुंग्या! उंदीर! काढा ते!’ बायकोला ओळखेना. शेजारपाजार जमला. कोणी म्हणाले, ‘देव नदीत सोडले ना, आता भोगा.’ म्हातारी आई रडत म्हणाली, ‘मरीआई कोपली गं बाई.’ देवऋषीला आणायला माणूस निघाला. मला निरोप आला तेव्हा मी काय केले? त्याच्या उशाशी बसून त्रिसरण म्हणू लागलो, ‘मनोनिग्रह कर’ म्हणून त्याला बजावू लागलो. सांगायला लाज वाटते, पण देवऋषीच्या अंगाऱ्यात आणि माझ्या त्या उपदेशात त्या रात्री काही फरक नव्हता. आजार दोघांनाही कळला नव्हता.

वस्तीतील एक मुलगी नर्सिंग शिकते. ती म्हणाली, ‘काका, हे बाहेरचे काही नाही. दारू एकदम तुटली की असे होते. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या, नाहीतर माणूस हाती लागणार नाही.’ रिक्षात घालून त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी नेले. तेथील डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, ‘रोज पिणाऱ्याला एकदम बंद करायला कोणी सांगितले?’ मी मान खाली घातली.

डॉक्टरांनी मला नंतर जे समजावले ते तुम्हांला सांगतो. रस्सीखेच सर्वांनी पाहिली आहे. दोन्ही बाजू जोर लावतात, म्हणून दोर जागेवर राहतो. दारू मेंदूला मंदावते. रोजच्या रोज कोणी असे मंदावू लागला की मेंदू उलट्या दिशेने जोर लावायला शिकतो, स्वतःला सतत चेतवत ठेवतो. म्हणूनच पूर्वी पावशेरात चढणाऱ्याला पुढे अर्धा शेरही पुरत नाही. अशा वेळी दारू अचानक थांबली म्हणजे एका बाजूने दोर सोडला. दुसरी बाजू जशी धाडकन कोसळते, तसा चेतलेला मेंदू बेफाम होतो. शेवटच्या पेल्यानंतर काही तासांतच कंप आणि घाम सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत झटके, म्हणजे फिट, येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी काहींना वात होतो, नसलेली जनावरे दिसतात, दिवस-रात्र कळत नाही, ताप चढतो. या अवस्थेत उपचार मिळाले नाहीत तर माणूस मरतो. उपचार मिळाले तर बहुतेक वाचतात. डायझेपाम, लोराझेपाम या जातीची औषधे देऊन मेंदू शांत करतात आणि ती हळूहळू कमी करतात. पिणाऱ्याच्या शरीरात ब-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, उरलेले नसते, त्याचे इंजेक्शन देतात. ते न दिल्यास स्मृती कायमची जाऊ शकते.

पाचव्या दिवशी त्या गृहस्थाने आईला ओळखले आणि चहा मागितला.

बंधूंनो, मरीआई कोपली नव्हती. सोडलेले कोणतेही दैवत सूड घेण्यास आले नव्हते. कारण होते, म्हणून कार्य घडले. कारण ओळखले, म्हणून कार्य थांबवता आले. तथागतांनी आपल्याला शिकवले ते हेच. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, ते कारण दूर होऊ शकते आणि त्यासाठी मार्ग आहे. जो डॉक्टर रोग ओळखतो, कारण शोधतो, रोग बरा होईल असे सांगतो आणि औषध देतो, तो याच वाटेने चालतो. म्हणून नव्याने दीक्षा घेतलेल्या प्रत्येक घराला माझे पहिले सांगणे हे आहे. रोज पिणाऱ्या माणसाने प्रतिज्ञा जरूर घ्यावी, पण दारू डॉक्टरांना दाखवून, त्यांच्या देखरेखीखाली सोडावी. ज्याला सकाळी कंप थांबवण्यासाठी प्यावे लागते, ज्याला पूर्वी दारू सोडताना झटका आला आहे, त्याने घरच्या घरी एकदम सोडू नये. आणि कंपाबरोबर झटका, भ्रम किंवा ताप दिसला तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, सरळ रुग्णालय गाठावे.

आता कोणी विचारील, ‘हा आजार कसला? हे तर वागणे वाईट.’ हा प्रश्न रास्त आहे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृतमांस सोडा असे सांगितले आणि आपल्या वाडवडिलांनी ते सोडले. मग दारू का सुटत नाही? याचे कारण असे की मृतमांस ही लादलेली रूढी होती, निर्धार केला की ती सुटते. दारूही पुष्कळांची निर्धाराने सुटते. पण काहींच्या बाबतीत ती मेंदूची घडणच बदलते. मन सोडायचे ठरवते आणि पाय गुत्त्याकडे वळतात. ज्या १९५६ साली आपण दीक्षा घेतली, त्याच साली अमेरिकेतील डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेने मद्यासक्ती हा आजार असल्याचे मान्य केले. आपल्या देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही दारू व मादक पदार्थांमुळे होणारे मनोविकार आजार म्हणूनच धरले आहेत.

आजार आहे की नाही हे ओळखायच्या अकरा खुणा डॉक्टर मानतात. ठरवल्यापेक्षा जास्त पिणे. कमी करावे म्हणून प्रयत्न करूनही न जमणे. मिळवण्यात, पिण्यात आणि उतरण्यात दिवस जाणे. अनावर तलफ येणे. कामाला किंवा घराला चुकणे. भांडणे होऊनही पीत राहणे. पूर्वीची आवड, माणसे, कार्यक्रम सोडून देणे. परातीवर चढताना किंवा गाडी चालवताना धोका असूनही पिणे. यकृत बिघडले हे कळूनही न थांबणे. पूर्वीइतकी दारू न पुरणे. आणि न मिळाल्यास कंप, घाम, बेचैनी होणे. वर्षभरात यांतील दोन-तीन खुणा दिसल्या तर आजार सौम्य, चार-पाच दिसल्या तर मध्यम, सहा किंवा अधिक दिसल्या तर तीव्र. घरी जाऊन शांतपणे मोजा. दुसऱ्याच्या आधी स्वतःच्या मोजा. तंबाखू, गुटखा, गांजा, गर्द यांनाही हाच हिशोब लागू आहे. आणि आयाबायांनो, राग मानू नका, मशेरीलाही लागू आहे. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच.

आणखी एक विखारी समजूत खोडून काढली पाहिजे. ‘या लोकांच्या रक्तातच दारू आहे,’ असे आपल्याविषयी म्हटले जाते, आणि कधी कधी आपणही तोंड पाडून ते मान्य करतो. हे खोटे आहे. आई-बापांकडून येणाऱ्या शरीरप्रकृतीचा या आजारात सुमारे निम्मा वाटा असतो, पण तो कुळाकुळाप्रमाणे असतो, जातीप्रमाणे नसतो. बंगल्यातही तो आहे आणि झोपडीतही आहे. बंगल्यातला पडदा ओढून पितो, आपला रस्त्यावर पडतो, एवढाच फरक. उरलेला वाटा परिस्थितीचा असतो. कष्टाची अंगदुखी, बेकारी, अपमान, हाताशी असलेला गुत्ता आणि मित्राचा आग्रह. परिस्थिती बदलता येते. ती बदलण्यासाठीच तर आपण धम्मात आलो.

आता त्या गवंड्याची पुढची हकिकत. रुग्णालयातून आल्यावर चार महिने तो स्वच्छ राहिला. मग एका नातेवाइकाच्या हळदीला चौघांनी आग्रह केला आणि तो प्यायला. दुसऱ्या दिवशी वस्तीत एकच चर्चा. ‘बौद्ध झाला आणि पुन्हा प्यायला!’ विहारातही दोघे-तिघे हसले. त्या रविवारपासून तो यायचा बंद झाला. महिन्याभरात पूर्वीसारखा पिऊ लागला. त्याला पाडले कोणी? पहिला पेला त्याने स्वतः उचलला, हे खरे. पण पडलेल्याला उचलायला आपल्यापैकी कोणीही गेले नाही, हेही तितकेच खरे.

विनयपिटकात स्वागत नावाच्या भिक्खूची कथा आहे. स्वागत मोठा सामर्थ्यवान म्हणून ख्यातनाम होता. त्याच्या सामर्थ्याविषयी कथेत जे चमत्काराचे वर्णन आहे ते आपण बाजूला ठेवू. कोसंबीच्या उपासकांना त्याचा सन्मान करायचा होता. काही उथळ भिक्खूंनी त्यांना सुचवले की मद्य तयार ठेवा. स्वागत भिक्षेला निघाला तेव्हा प्रत्येक घराने प्रेमाने त्याच्यापुढे मद्य धरले. घरोघरी पिऊन तो नगराच्या वेशीत कोसळला. पुढे काय झाले ते ध्यान देऊन ऐका. तथागत भिक्खूंसह नगरातून बाहेर पडत होते. त्यांनी स्वागताला पडलेला पाहिले. ते तोंड फिरवून पुढे गेले नाहीत. त्यांनी भिक्खूंना सांगितले, याला उचला. भिक्खूंनी त्याला उचलून आरामात आणले आणि तथागतांकडे डोके करून निजवले. नशेत तो उलटा फिरला आणि त्याचे पाय तथागतांकडे झाले. तेव्हा तथागतांनी भिक्खूंना विचारले, हा पूर्वी माझा आदर करीत असे ना? आज करू शकतो का? माणसाला बेशुद्ध करणारी वस्तू प्यावी का? आणि मग मद्य न पिण्याचा नियम घालून दिला. स्वागताला संघाबाहेर काढल्याचे त्या कथेत कोठेही नाही.

या कथेतून तीन गोष्टी घ्यायच्या. भला माणूसही पडतो, तेव्हा कोणी गर्व करू नये. त्याला पाडणारे हात पुष्कळदा प्रेमाचे असतात, तेव्हा लग्न-हळदीत आग्रह करणाऱ्यांनी विचार करावा. आणि नियम सांगण्याच्या आधी पडलेल्याला उचलून आत आणायचे असते. आपण उलटे करतो. नियम सांगतो आणि माणूस वेशीतच पडू देतो.

पंचशीलातील शब्दांकडेही पाहा. ‘वेरमणी’ म्हणजे विरत राहणे. ‘सिक्खापद’ म्हणजे शिकण्याची पायरी. ही कोणा देवाची आज्ञा नाही की मोडली म्हणून नरकात टाकले जाईल. हा आपणहून घेतलेला अभ्यास आहे. म्हणूनच पंचशील एकदा घेऊन संपत नाही, प्रत्येक वंदनेत पुन्हा घेतले जाते. पायरी चुकलेला विद्यार्थी शाळेतून पळून गेला तर त्याचे शिक्षण थांबते. तो त्याच पायरीवर पुन्हा उभा राहिला तर शिकतो. डॉक्टरही हेच सांगतात. मधुमेह किंवा दमा जसा कधी आवरतो, कधी उसळतो, तसाच हा आजार आहे. पुन्हा प्यायला म्हणजे उपचार वाया गेला असे नाही. उपचार पुन्हा सुरू करायचा.

उपचार म्हणजे केवळ ती पहिली पाच-सात दिवसांची औषधे नव्हेत. ती तर दारात पाऊल ठेवणे झाले. पुढे तलफ कमी करणारी औषधे आहेत. नॅलट्रेक्सोनने दारूतली गोडी कमी होते, अकॅम्प्रोसेटने चेतलेला मेंदू स्थिरावायला मदत होते. तिसरे डायसल्फिरॅम. हे घेतलेल्याने दारू प्यायली तर छाती धडधडते, उलट्या होतात, जीव घाबरा होतो. ते रुग्णाच्या माहितीने आणि संमतीनेच द्यायचे असते. भगिनींनो, ‘न कळत दारू सोडवा’ अशा जाहिराती वाचून भाकरीत किंवा चहात पूड कालवू नका. त्याने जीव जाऊ शकतो आणि घरातला विश्वास तर नक्कीच जातो. कोणते औषध कोणाला, हे यकृत तपासून डॉक्टरच ठरवतील. गर्दसारख्या अफूजन्य नशेसाठी ब्युप्रेनॉर्फिनसारखी वेगळी औषधे आहेत, ती दीर्घकाळ घ्यावी लागली तरी त्यात कमीपणा नाही.

औषधाच्या जोडीला बोलणे हवे. तलफ केव्हा येते, कोणत्या रस्त्याने जाताना येते, पगाराच्या दिवशी काय करायचे, आग्रह झाला तर काय उत्तर द्यायचे, हे समुपदेशक शिकवतात. महाराष्ट्रात या कामाची चांगली परंपरा आहे. १९८१ साली मुंबईत फादर जो परेरा यांनी कृपा फाउंडेशन सुरू केले, १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या मनोविकार विभागांत हे उपचार होतात. केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची दूरध्वनी सेवा आहे, तीवर विचारता येते. मात्र जेथे रुग्णाला मारतात, साखळीने बांधतात, तेथे कोणालाही ठेवू नका. साखळीने बांधण्यास कायद्यानेच बंदी आहे.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने सरकारसाठी केलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीत असे दिसले की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ माणसांपैकी एकालाच काही उपचार मिळाल्याचे सांगता आले. बाकीचे ३७ कोठे आहेत? ते आपल्या घरांत आहेत, लाजेने दार लावून.

आजार आहे म्हणून सर्व माफ, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. बायकोवर हात उचलणे हे आजाराचे लक्षण नाही, तो गुन्हा आहे. त्या भगिनीने निमूट सोसावे असे धम्म सांगत नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा तिच्या बाजूने आहे आणि १८१ क्रमांकावर तिला मदत मागता येते. तिला संरक्षण देणे आणि त्याला उपचार देणे, दोन्ही कामे आपलीच आहेत. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मद्याचे सहा दुष्परिणाम सांगितले आहेत. धनाचा नाश, कलह, रोग, दुष्कीर्ती, निर्लज्जपणा आणि बुद्धीचा ऱ्हास. त्यांतला रोग डॉक्टरांनी पाहावा. बाकीच्या पाचांची झळ कुटुंबाला लागते, ती आपण सर्वांनी पाहावी.

म्हणून या वर्षावासात आपण काही गोष्टी ठरवू. दीक्षेच्या आधी प्रत्येक कुटुंबाला, अपमान न करता, दारूविषयी विचारू आणि गरज असेल त्याला आधी डॉक्टरांकडे नेऊ. सोबत जायला दोन माणसांची पाळी लावू, कारण रुग्णालयाच्या रांगेत एकटा उभा राहिलेला माणूस मधूनच परत फिरतो. आपल्या लग्नात, हळदीत, १४ एप्रिलच्या मिरवणुकीत दारूला जागा ठेवायची नाही. आणि जो पुन्हा पडेल त्याच्या घरी दुसऱ्याच दिवशी कोणीतरी जायचे, उपदेश करायला नव्हे, चहा प्यायला. ‘संघं सरणं’ आपण म्हणतो. शरण जाणाऱ्याला आधार मिळाला नाही तर त्या शब्दांना काय अर्थ उरला?

तो गवंडी पुढे सावरला का, असे तुम्ही विचाराल. त्याची पत्नी एका रात्री माझ्या दारात आली. या वेळी मी उपदेश केला नाही, रिक्षा बोलावली. त्याने पुन्हा उपचार घेतले, अजूनही घेतो. तो आज या विहारात बसला आहे की नाही, हे मी सांगणार नाही. तुमच्या शेजारी बसलेला माणूस तो असू शकतो, असे समजून सर्वांशी वागा.

आता आपण पाचवे शील पुन्हा एकदा म्हणू. ज्याने कधी घेतली नाही त्यानेही म्हणावे, म्हणजे त्याचे कुंपण शाबूत राहील. ज्याने काल रात्री घेतली त्यानेही म्हणावे, आणि उद्या सकाळी माझ्याबरोबर दवाखान्यात यावे. आवाज खाली घेऊ नका. शिकणाऱ्याने लाजायचे नसते.

भवतु सब्ब मंगलं!
जय भीम!